पोलिसांना जाब कसा विचारावा?

संविधानाने दिलेले हक्क आज शाळेतल्या मुलालाही पाठ असतात. परंतु पोलीस ठाण्याच्या पायरीवर त्या हक्कांचे काय होते, हे पुष्कळ पदवीधरांनाही ठाऊक नसते. आमचा आजचा विषय त्या पायरीपुरता आहे. आम्ही कोणत्याही महाविद्यालयात कायदा शिकलो नाही; कामगारांच्या कज्ज्यांनी जे शिकवले तेवढेच आमच्या पदरी आहे. त्याचे सार एका वाक्यात सांगता येते : ज्याची नोंद नाही, त्याचा जाब विचारता येत नाही.

कारखान्यातल्या माणसाला हे वेगळे समजावून द्यावे लागत नाही. ज्याचे नाव मस्टरवर नाही, ज्याला पगाराची चिठ्ठी मिळत नाही, त्याने दहा वर्षे घाम गाळला तरी मालक खुशाल म्हणतो, 'हा माणूस आमचा नव्हेच.' ठाण्यातही असेच घडू शकते. ज्याच्या अटकेची वेळ कोठे लिहिलेली नाही, तो मनुष्य कागदोपत्री ठाण्यात नसतोच. आणि जो ठाण्यात नव्हता, त्याला तेथे मार कसा बसणार?

आपल्या खराडीचेच पाहा. मुळा-मुठेच्या काठचे हे शेतकऱ्यांचे गाव आपल्या डोळ्यांदेखत उंच इमारतींचे आणि संगणक कंपन्यांचे उपनगर झाले. २०२४ साली त्याला स्वतःचे पोलीस ठाणेही मिळाले. ठाणे जवळ आले, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु ज्यांच्या कष्टावर या इमारती चालतात, ते वॉचमन, गाडीवाले, सामान पोचवणारी पोरे आणि धुण्याभांड्याच्या बायका यांचा पोलिसांशी संबंध बहुधा संशयित म्हणूनच येतो. एखाद्या घरातून दागिना गेला की पहिले बोलावणे त्यांना. 'जरा चौकशीला येऊन जा,' एवढाच तोंडी निरोप. पुढे दागिना त्या घरातच कपाटामागे सापडतो. पण ठाण्यात बसून राहिलेल्या बाईचे काम तोवर सुटलेले असते. ही तक्रार कोणा एका ठाण्याविरुद्ध नाही. गावोगावच्या कामकऱ्यांकडून आम्ही ती ऐकली आहे.

आता कायदा काय सांगतो? १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम १७९ प्रमाणे साक्षीदार म्हणून बोलवायचे, तर हुकूम लेखी हवा. आणि स्त्रीला, पंधरा वर्षांखालील मुलाला किंवा साठीच्या पुढच्या पुरुषाला त्यासाठी ठाण्यात यायला लावता येत नाही, विचारपूस त्यांच्या घरीच करावी लागते. अटक आवश्यक नसलेल्या संशयितास बोलवायचे, तर कलम ३५ प्रमाणे नोटीस द्यावी लागते. अटकच केली, तर तिची कारणे सांगणे, वकिलाला भेटू देणे आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे, हे संविधानाच्या बाविसाव्या अनुच्छेदानेच बंधनकारक केले आहे. तेव्हा 'नुसती चौकशी' म्हणून कोणाला रात्रभर बसवून ठेवण्याची सोय कायद्यात नाही.

कोणी म्हणेल, हे सारे खरे. परंतु लेखणी पोलिसांच्याच हाती, मग ते स्वतःविरुद्ध कशाला लिहितील? शंका रास्त आहे, आणि न्यायालयांनाही ती सुचली. म्हणून त्यांनी पोलिसांच्या लेखणीजवळ दुसऱ्या लेखण्या आणून ठेवल्या. मुंबईच्या कोठड्यांतील स्त्रियांना मारहाण होते, असे पत्रकार शीला बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयास पत्राने कळवले. १९८३ साली त्या पत्रावर निकाल झाला : स्त्रियांसाठी निराळ्या कोठड्या असाव्यात, आणि समोर आणलेल्या प्रत्येक आरोपीला 'तुला काही त्रास दिला का?' असे दंडाधिकाऱ्याने विचारावे. १९९६ च्या डी. के. बसू खटल्यात ठरले की, अटकेच्या कागदावर वेळ आणि तारीख असावी, त्यावर नातलगाची किंवा परिसरातील प्रतिष्ठित माणसाची साक्ष असावी, अंगावरच्या जखमा नोंदवाव्यात आणि दर अठ्ठेचाळीस तासांनी डॉक्टरने तपासावे. २०२० साली तर ठाण्यांत चित्र आणि आवाज दोन्ही टिपणारे कॅमेरे लावण्याचा हुकूम झाला. नातलग, डॉक्टर, दंडाधिकारी आणि कॅमेरा, अशा या चार लेखण्या झाल्या.

त्यांचे मोल परभणीने दाखवून दिले. १० डिसेंबर २०२४ रोजी तेथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यापाशी असलेल्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले आणि धरपकड झाली. पकडलेल्यांपैकी सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. त्याला मारहाण झाली नाही, असे शासनाच्या वतीने विधिमंडळात सांगण्यात आले. परंतु शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याची नोंद केली होती, आणि दंडाधिकाऱ्याच्या चौकशीने पोलिसांवर ठपका ठेवला. आईने उच्च न्यायालयात धाव घेतली. ४ जुलै २०२५ रोजी औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा हुकूम दिला. शासन त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि ३० जुलैला तेथेही तो हुकूम कायम राहिला. दोष कोणाचा, हे खटल्यात ठरायचे आहे. परंतु नुसता गुन्हा नोंदवला जाण्यासाठी एका आईला साडेसात महिने लागले. दुसऱ्या लेखणीने लिहिलेले ते दोन कागद नसते, तर तेवढेही झाले नसते.

मग आपण करावे काय? माणूस नेला की घरच्याने वेळ, ठिकाण आणि नेणाऱ्याच्या छातीवरचे नाव लगेच लिहून ठेवावे. अटकेच्या कागदावर सही करण्यापूर्वी वेळ पाहावी. मार बसला असेल, तर दंडाधिकाऱ्यापुढे त्याच दिवशी तोंड उघडावे. तेथे गप्प राहिलेला माणूस पुढे कितीही बोलला तरी ऐकणाऱ्याला शंका येते. कोठडीतल्या कोणालाही, मग त्याचे उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. ठाण्याने तक्रार घेतली नाही, तर ती वरिष्ठांकडे डाकेने पाठवावी आणि पोच जपून ठेवावी. २०१४ साली पोलीस कायद्यात दुरुस्ती होऊन राज्याचे आणि महसूल विभागवार पोलीस तक्रार प्राधिकरण निर्माण झाले. बेकायदा अटकेची तक्रार तेथे करता येते. मात्र दिरंगाई करू नये. कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दल खटला भरायला १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम १६१ ने साधारणतः सहाच महिन्यांची मुदत घातली आहे, आणि पोलीस त्या कलमाचा आसरा घेतात.

यात शिपायाबद्दल द्वेष नाही. तोही कष्टकऱ्याचाच मुलगा. १९८२ च्या ऑगस्टात मुंबईचे पोलीस आपल्या गाऱ्हाण्यांसाठी उठले, तेव्हा सैन्य बोलावून त्यांना दडपले गेले. संघटना करण्याचा आपला हक्क त्यांना आजही नाही. बारा-बारा तास उभा राहणारा, वरच्याचा तोंडी हुकूम पाळणारा हा माणूस प्रकरण अंगाशी आले की एकटाच निलंबित होतो. म्हणून त्यानेही हुकूम लेखी मागावा, असे आम्ही म्हणतो. कागद असला तर जबाबदारी वरपर्यंत जाते. नसला तर ती सर्वांत खालच्या पायरीवरच्या माणसावर येऊन पडते.

एक विनंती करून आम्ही थांबतो. सुशिक्षित शेजाऱ्याची साक्ष ठाण्यात मानली जाते. तुमच्या सोसायटीच्या वॉचमनला किंवा कामवाल्या बाईला उद्या तोंडी निरोप आला, तर तिला एकटी पाठवू नका. सोबत जा, घड्याळ पाहा, लेखी हुकूम मागा आणि साक्षीदार म्हणून स्वतःची सही करा. चोरी खरोखरच झाली असेल, तरी तपास त्याने अडत नाही. तो कायद्याच्या वाटेने चालतो, इतकेच.