तव्यात सापडलेला ग्रह

घनसावंगी तालुक्यातल्या तीर्थपुरीत भाकरीचा लोखंडी तवा काही शोधावा लागत नाही. तो उलटा करा, दारातून येणाऱ्या संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ठेवा आणि मोबाइलने वरून फोटो काढा. काजळीचे पापुद्रे, ओरखडे, खड्डे यांच्या सावल्या लांबतात आणि विवरांनी भरलेला ग्रह दिसू लागतो. भर दुपारी हे जमत नाही; ऊन डोक्यावरून आलं की सावल्या आखडतात. नॉर्वेच्या क्रिस्टोफर योनासेन या छायाचित्रकाराने झिजलेल्या तव्यांच्या बुडांची अशी मालिकाच केली आहे.

आता या ग्रहाभोवती चांदण्या हव्यात; त्यासाठी दोन फोटो संगणकावर एकमेकांत मिसळायचे, आणि ते काम गणिताचं. फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे असतात, प्रत्येक 0 ते 255 मधला. एका फोटोवर दुसरा ठेवून ‘मल्टिप्लाय’ ही मिसळण्याची पद्धत निवडली की दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून त्याला 255 ने भागतात. 128 वर 128 ठेवला तर उरतात जेमतेम 64, म्हणजे रंग गडदच होणार. पांढरा खालच्या चित्राला धक्काही लावत नाही, काळा सगळं गिळतो.

‘स्क्रीन’ या दुसऱ्या पद्धतीचं नेमकं उलट, तिथे काळंच नाहीसं होतं. म्हणून तवा काळ्या घोंगडीवर टिपा. मग त्याच घोंगडीवर चिमूटभर रवा भुरभुरून दुसरा फोटो काढा आणि तो ‘स्क्रीन’ने पहिल्यावर चढवा. रव्याच्या चांदण्या झाल्या! झाऱ्याची भोकंही चालली असती, पण ती फारच शिस्तीत असतात. ग्रहावर सांडलेल्या चांदण्या तेवढ्या पुसायच्या. संगणकावरच्या ‘जिंप’ या फुकट सॉफ्टवेअरमध्ये हे सगळं होतं.