एकटाकी कादंबरीची दंतकथा

संगमनेरहून येणारी प्रवरा कोल्हार-भगवतीपूरला नगर-मनमाड रस्त्याच्या पुलाखालून जाते आणि पुढे नेवाशाकडे वळते. ऊस, साखर कारखाने आणि सहकार यांसाठी हा पट्टा सगळ्यांना माहीत आहे. मराठी कादंबरीच्या नकाशावरही त्याची जागा ठळक आहे, हे मात्र फारसं बोललं जात नाही. कोल्हारच्या वरच्या अंगाला, संगमनेरच्या महाविद्यालयात रंगनाथ पठारे भौतिकशास्त्र शिकवत आणि कादंबऱ्या लिहीत. कोल्हारहून बेलापूरमार्गे श्रीरामपूर गाठलं की तिथे शब्दालय प्रकाशन. याच प्रकाशनाने 2019 मध्ये पठाऱ्यांची ‘सातपाटील कुलवृत्तांत’ काढली.

चौदाव्या शतकापासून आजपर्यंत एका कुळाच्या पिढ्या मांडणारी ही कादंबरी आहे. असा ऐवज कुणी एका बैठकीत लिहून टाकत नाही. कोण कुणाचा मुलगा, कुठल्या राजवटीत कुठल्या गावी होता, तेव्हा लोक खात काय होते, बोलत कसे होते, हे सगळं जुळवावं लागतं. एका पिढीचं साल हललं की पुढची सगळी माणसं हलतात.

तरीही आपल्याकडे कौतुक होतं ते झपाटून लिहिण्याचं. भालचंद्र नेमाड्यांनी ‘कोसला’ 1963 मध्ये पंधरवड्याच्या आसपास लिहून काढली, ही हकिगत नव्या लेखकांना हमखास ऐकवली जाते. त्यात खोटं काही नाही. अर्धीच गोष्ट आहे, इतकंच. नेमाडे तेव्हा पंचविशीत होते. सांगवी ते पुणे हा प्रवास, कॉलेज, वसतिगृह, मुंबईतले दिवस आणि पुन्हा गाव, एवढा साठा आधीच तयार होता. पंधरवडा लागला तो कागदावर उतरवायला. त्याच नेमाड्यांच्या ‘हिंदू’चं वर्षानुवर्षं नुसतं नावच ऐकू येत होतं, तिचा पहिला भाग हाती पडायला 2010 उजाडलं.

साठवणीनंतरचा टप्पा आराखड्याचा. यात पहिला प्रश्न ‘काय घडतं’ हा नसतो, ‘कोण सांगतं’ हा असतो. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ची (1967) गोष्ट महाभारतामुळे घरोघरी ठाऊक होती, शेवटासकट. मग वाचकाला धरून कसं ठेवायचं? सावंतांनी कथा सहा तोंडी दिली: कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्ण. कर्णाच्या वाट्याला एकाहून अधिक भाग आले आणि कादंबरीचे एकूण नऊ भाग झाले. हा निर्णय बदलला तर पुस्तकच बदलेल. नवशिके लेखक मात्र पात्रांची नावं ठरवण्यात महिने घालवतात आणि निवेदकाचा प्रश्न वाटेत सुटेल म्हणून सोडून देतात. तो वाटेत क्वचितच सुटतो.

आराखडा पक्का असतो असंही नाही. टॉलस्टॉयने 1856 सालात घडणारी, हद्दपारीतून परतलेल्या डिसेंब्रिस्ट बंडखोराची कादंबरी योजली होती. त्या माणसाला समजून घ्यायला 1825 च्या बंडाकडे जावं लागलं, तिथून नेपोलियनच्या 1812 च्या स्वारीकडे आणि शेवटी 1805 पर्यंत. मूळ नायक राहिला बाजूला आणि झाली ‘युद्ध आणि शांती’. खाडाखोडीने भरलेले त्याचे कागद पत्नी सोफिया पुनःपुन्हा सुवाच्य लिहून देत असे आणि तो त्या स्वच्छ प्रतीही परत खोडून ठेवी.

पहिला खर्डा हा लेखकाने स्वतःला सांगितलेली गोष्ट असते. तो लिहिताना मागे वळून वाक्यं घासत बसलं की तिसऱ्या प्रकरणातच दम निघतो. दुसऱ्या खर्ड्यात प्रकरणं पुढेमागे होतात, दोन पात्रांचं एक होतं, आवडती पानं गळतात. भाषेवरून हात फिरतो तो त्याच्याही नंतर. हरिभाऊ आपट्यांना ही चैन नव्हती. ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यांनी आपल्या ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः छापली. छापलेला भाग मागे घेता येत नसे. क्रमशः लेखनाने मराठी कादंबरीला वाचक मिळवून दिले, पण पसरटपणाही दिला, आणि हरिभाऊंच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या.

मग येते परकी नजर. मौज प्रकाशनाचे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हस्तलिखितावर लेखकाइतकेच कष्ट घेणारे संपादक होते. शुद्धलेखन तपासणं म्हणजे संपादन, ही समजूत आजही अनेक प्रकाशकांची आहे. ती सोयीची आहे, कारण स्वस्तात पडते. खरं तर आपल्याकडे संपादनाची परंपरा जुनी. प्रवरेकाठी नेवाशाला ज्ञानेश्वरी 1290 मध्ये सिद्ध झाली. पुढे नकला होता होता पाठ बिघडले, तेव्हा एकनाथांनी 1584 मध्ये तिची प्रत शुद्ध केली.

एवढे टप्पे असूनही एकटाकीची दंतकथा टिकते, याचं कारण साधं आहे: खर्डे उरत नाहीत. फ्लोबेरला ‘मादाम बोव्हारी’ लिहायला 1851 ते 1856 अशी जवळपास पाच वर्षं लागली. तिचे आराखडे आणि खर्डे रुआँ शहराच्या ग्रंथालयात जपलेले आहेत. ती पानं हजारोंनी भरतात आणि आता संगणकावरही पाहता येतात. एकेक वाक्य कसं बदललं ते शाळकरी मुलालाही दिसतं. मराठीत पुस्तक छापून आलं की पाठकोऱ्या कागदांवरचा खर्डा बहुधा रद्दीत जातो. संगणकावर लिहिणाऱ्यांचा तर जुना मजकूर नव्याखाली कायमचाच पुसला जातो.

प्रवरेच्या या पट्ट्यात महाविद्यालयं आहेत, गावोगावी वाचनालयं आहेत आणि लिहिणारी माणसंही. या संस्थांनी आपल्या भागातल्या लेखकांकडे छापील पुस्तकासोबत खोडलेल्या वह्या, टाचणं आणि वंशावळींचे कागदही मागून घ्यावेत. त्यासाठी एक कपाट पुरेल.