दुपारची वीज, रात्रीचा हिशेब

सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्याचे नाव महाराष्ट्राच्या वीज-इतिहासात पूर्वीपासून आहे. कोयनेचे धरण याच तालुक्यात आहे आणि वांकुसावड्याच्या पठारावरील पवनचक्क्याही येथेच आहेत. आता त्याच तालुक्यातील मान्याचीवाडी या लहानशा गावाने आणखी एक पान जोडले आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री श्री. एकनाथ शिंदे यांच्या हस्ते राज्यातील पहिले सौरग्राम म्हणून या गावाचे उद्घाटन झाले. शंभराच्या आसपास घरांची ही वस्ती. घरांच्या छपरांबरोबर गावाच्या सार्वजनिक सोयीही सौरविजेवर आणल्या गेल्या. लोकसंख्येने लहान असलेल्या गावाला जे साधले ते इतरत्र का साधू नये, असा प्रश्न तेव्हापासून दोन्ही जिल्ह्यांतील अनेक ग्रामसभांत विचारला जात असेल, तर त्यात नवल नाही.

परंतु संच बसविणे हा कामाचा अर्धा भागच होय. छपरावर पट्ट चढले, नेट मीटर लागला, पहिले वीजदेयक कमी आले, की गृहस्थ निश्चिंत होतो. त्यानंतर घरातील विजेचा वापर कसा असावा, याविषयी त्याला फारसे कोणी सांगत नाही. वस्तुतः खरा फरक पडतो तो तेथेच.

योजनेचा तपशील बहुतेकांना ठाऊक आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजने’तून पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३०,००० रुपये व तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये, म्हणजे तीन किलोवॅट वा त्याहून मोठ्या संचास एकूण ७८,००० रुपये केंद्र शासनाचे अनुदान मिळते. एका किलोवॅटला सुमारे शंभर चौरस फूट मोकळी जागा लागते. त्यापासून वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार, म्हणजेच महिन्याला सुमारे १२० युनिट वीज मिळते. यांतील ‘सरासरी’ हा शब्द विसरला जातो आणि पुढील बहुतेक गैरसमज तेथूनच उगम पावतात.

मीटरवरील आकडा

सौर संच असलेल्या घरात विजेचे दोन हिशेब चालतात. इन्व्हर्टर सांगतो, आज छपराने किती वीज दिली. नेट मीटर सांगतो, वाहिनीवरून किती वीज घरात आली आणि घरातून किती बाहेर गेली. समजा, एखाद्या दिवशी आठ युनिट तयार झाले. त्यांपैकी तीन दिवसा घरातच खर्च झाले, तर मीटरवर पाच युनिटच बाहेर गेलेले दिसतील. रात्री दोन युनिट वाहिनीवरून घेतले, तर शिल्लक तीन. इन्व्हर्टरवर आठ आणि मीटरवर पाच हे पाहून मधले तीन युनिट कोठे गेले, अशी शंका घेणारे ग्राहक कमी नाहीत. ते तीन युनिट घरातीलच पंख्यांनी, शीतपेटीने आणि पाण्याच्या मोटारीने वापरले. मीटरपर्यंत ते पोहोचलेच नाहीत, म्हणून मीटरला त्यांची खबर नाही. ग्रामसेवकाने वा शिक्षकाने हे एकदा फळ्यावर मांडून दाखविले, तर महावितरणच्या कार्यालयातील कितीतरी वादविवाद वाचतील.

दुसरी गोष्ट म्हणजे शून्य देयकाची भाषा. वापरलेली वीज पूर्ण वळती झाली तरी स्थिर आकार द्यावाच लागतो. ‘एकही पैसा लागणार नाही’ असे सांगून संच विकणाऱ्याचे म्हणणे तेवढ्यापुरते चुकीचे असते.

दिवसा वापरावी का?

दळण, धुणे, इस्त्री, टाकी भरणे ही कामे उन्हाच्या वेळी करावीत, असा सल्ला सर्वत्र दिला जातो. त्याचे कारण मात्र नीट सांगितले जात नाही. साध्या नेट मीटरमध्ये दुपारी बाहेर गेलेले युनिट रात्री घेतलेल्या युनिटाशी बरोबरीने वळते होते. मग इस्त्री दुपारी केली काय आणि रात्री केली काय, त्या घराच्या देयकात काय फरक पडणार? प्रश्न रास्त आहे आणि बहुतांश महिन्यांत त्याचे प्रामाणिक उत्तर ‘फारसा नाही’ असेच आहे.

फरक पडतो तो वाहिनीवर. एका रोहित्रावरील वीस-पंचवीस घरांनी छपरावर पट्ट बसविले आणि सगळी माणसे दुपारी शेतावर गेली, तर घरांत वापर जवळजवळ नाही आणि वीज मात्र सर्वांचीच बाहेर पडते, अशी स्थिती येते. त्यामुळे वाहिनीवरील विजेचा दाब चढतो. २३० व्होल्टच्या जागी तो २५० च्या पुढे गेला, की ठरवून दिलेल्या मर्यादेनुसार इन्व्हर्टर आपोआप थांबतो. हे प्रथम घडते रोहित्रापासून दूर, वाहिनीच्या टोकाला असलेल्या घरात. ऐन उन्हात संच बंद का पडतो हे त्या घरमालकाला उमजत नाही आणि दोष पट्टांना दिला जातो. त्याच वेळी शेजारच्या घरांत एक अश्वशक्तीची गिरणी वा मोटार चालू असती, तर ती वीज तेथेच खपली असती. दुपारचा वापर हा असा आळीतील सर्वांच्या सोयीचा प्रश्न आहे.

दुसरे कारण सायंकाळचे आहे. सूर्य मावळल्यावर दिवे, दूरदर्शन संच, शेगड्या एकदम सुरू होतात आणि राज्याची मागणी चढते. ती भागविण्यात कोयनेच्या जलविद्युत केंद्रांचा मोठा वाटा असतो, कारण पाण्यावरची यंत्रे काही मिनिटांत चालू करता येतात. परंतु पश्चिमेकडे वीजनिर्मितीसाठी वळविता येणारे कोयनेचे पाणी लवादाने वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट इतके मर्यादित केले आहे. सायंकाळचे जे काम दुपारी उरकता येते, त्याने हा ताण तेवढा हलका होतो. दरांची दिशाही आता तिकडेच आहे. वेळेनुसार नोंद करणारे मीटर बसविलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत १ जुलै २०२५ पासून देण्याचे महावितरणने जाहीर केले.

सवयी बदलणे अवघड, असे म्हटले जाते. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाचे उदाहरण येथे आठवते. २०२२ पासून तेथे सायंकाळी ७ वाजता मंदिरावरील भोंगा होतो आणि दीड तास घरोघरी दूरदर्शन संच व भ्रमणध्वनी बंद ठेवले जातात. हेतू मुलांच्या अभ्यासाचा, विजेचा नव्हे. तरीही ग्रामसभेने मनावर घेतले तर अख्ख्या गावाची घड्याळे जुळविता येतात, एवढे त्यावरून दिसते.

फुकटची शेगडी

याउलट एक सवय मात्र संच बसविल्यावर आपोआप जडते. वीज फुकट आहे या समजुतीने घरात नवी उपकरणे येतात. अंगणातील बंब अडगळीत जातो आणि दोन किलोवॅटचा गीझर येतो. पहाटे चार जणांच्या अंघोळीसाठी तो तासभर चालला तर दिवसाला दोन युनिट, महिन्याला साठ! एक किलोवॅट संचाची अर्धी कमाई सूर्य उगवण्यापूर्वीच संपते. पाणी तापविण्यासाठी सौरबंब वेगळा घ्यावा, हे अधिक शहाणपणाचे. तसेच जुना ७५ वॅटचा पंखा काढून ३० वॅटच्या आसपासचा नव्या पद्धतीचा पंखा बसविला, तर दहा तासांत जवळजवळ अर्धा युनिट वाचतो. छपरावर आणखी पट्ट चढविण्यापूर्वी हा हिशेब करावा.

वीज गेली तर

नेट मीटरवरील, बॅटरी नसलेला संच वाहिनीवरील वीज गेली की स्वतःही थांबतो. लख्ख ऊन असूनही घरात अंधार, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. हा दोष नसून मुद्दाम केलेली योजना आहे. वाहिनी बंद करून खांबावर चढलेल्या तंत्रज्ञाच्या हाताखालच्या तारेत एखाद्या घरातून वीज येऊ नये, यासाठी ती आहे. ज्यांना खंडित काळातही वीज हवी, त्यांनी बॅटरीसह संच घ्यावा आणि त्याचा वाढीव खर्च आधी समजून घ्यावा. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीत एकेकाळी ‘प्रभाकर’ कंदील तयार होत आणि घरोघरी पोहोचत. तसा एखादा दिवा कोनाड्यात असणे सौरघरातही कमीपणाचे नाही.

कृष्णाकाठच्या गावांनी मात्र एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले होते आणि जुलै २०२१ मध्येही पुराने घरे सोडावयास लावली. पुरात महावितरण वाहिनी बंद करते, इन्व्हर्टरही थांबतो, परंतु पट्ट थांबत नाहीत. उजेड आहे तोवर त्यांतून येणाऱ्या तारेत दाब असतो. सहा पट्टांच्या मालिकेत तो २५० ते ३०० व्होल्ट असू शकतो. ती तार वा इन्व्हर्टर पाण्यात गेला तर घरात परतणाऱ्या माणसाला, तसेच बचावपथकालाही धोका आहे. म्हणून पूररेषेतील घरांत इन्व्हर्टर व मीटर मागील पुराच्या खुणेच्या वर, शक्य तर पहिल्या मजल्यावर असावेत. घर सोडताना पट्टांकडील खटका बंद करावा, आणि पाणी ओसरल्यावर जाणकाराने तपासल्याखेरीज तो पुन्हा चालू करू नये. ग्रामपंचायतीने सौरघरांची यादी आपत्ती व्यवस्थापनाच्या आराखड्यास जोडली, तर त्याला खर्च काहीच नाही.

ऊन, ढग आणि राख

दोन्ही जिल्ह्यांचे हवामान एका मापाने मोजता येत नाही. पाटण, जावळी, शिराळ्याच्या पश्चिम भागात आषाढ-श्रावणात आठवडेच्या आठवडे सूर्यदर्शन होत नाही. त्या काळात संचाचे उत्पादन निम्म्यावर, कधी त्याहूनही खाली येते. माण, खटाव, आटपाडी, जत येथे पाऊस थोडा आणि ऊन भरपूर, पण धूळही तेवढीच. शिवाय अधिक उष्णता म्हणजे अधिक वीज नव्हे. २५ अंशांच्या पुढे पट्टाचे तापमान जसजसे चढते, तसतसे उत्पादन अंशामागे सुमारे ०.३५ ते ०.४ टक्क्यांनी घटते. म्हणून वैशाखाच्या रखरखीत दुपारी अपेक्षेपेक्षा कमी आकडा दिसला तर घाबरण्याचे कारण नाही.

कऱ्हाड, वाळवा, पलूस या साखरपट्ट्यात गळिताच्या हंगामात कारखान्यांची राख आणि जाळलेल्या पाचटाची काजळी छपरांवर बसते. तेथे पट्ट महिन्यातून दोन-तीनदा धुतले पाहिजेत. तेही सकाळी वा सायंकाळी, तापलेल्या काचेवर गार पाणी ओतून नव्हे. दुष्काळी भागात कूपनलिकेचे जड पाणी वापरल्यास पांढरे पुट चढते, म्हणून मऊ कापडाने लगेच पुसून घ्यावे.

शिल्लक युनिटांचे वर्ष आर्थिक वर्षाबरोबर संपते. एप्रिल-मे महिन्यांतील शिल्लक पुढे ओढली जाऊन जुलै-ऑगस्टची तूट भरून काढते, ही मोठीच सोय आहे. उदाहरणार्थ, दोन किलोवॅटच्या घरात एप्रिल-मे मिळून १४० युनिट शिल्लक पडले आणि पावसाळ्यातील दोन महिन्यांत १२० कमी पडले, तरी देयकात विजेचा आकार लागत नाही. ३१ मार्चला मात्र उरलेली शिल्लक ठरलेल्या दराने विकत घेतली जाते आणि खाते पुन्हा शून्यापासून सुरू होते. हा दर ग्राहक वाहिनीवरील विजेला देतो त्याहून कमी असतो. तेव्हा गरजेपेक्षा मोठा संच बसवून कमाई होईल, या आशेवर कर्ज काढू नये. मागील बारा महिन्यांची देयके समोर ठेवून, त्यांच्या बेरजेला साधारण चौदाशेने भागले असता किती किलोवॅट पुरेत, हे कळते.

शाळेची गोष्ट याहून सोपी आहे. तिचा वापर अकरा ते पाच, म्हणजे नेमका उन्हाचा. सुटीत ती बंद असताना छप्पर काम करीतच राहते आणि जून-जुलैच्या ढगाळ दिवसांसाठी युनिट साठत जातात. पाणीपुरवठ्याच्या मोटारीचे वेळापत्रक ग्रामपंचायतीच्या हाती असते. पहाटे पाचला भरणारी टाकी आदल्या दिवशी दुपारी दोनला भरून ठेवली, तर नळ पहाटे पाचलाच सुटतो. त्यासाठी एक ठराव आणि मोटारीवरचा वेळखटका एवढेच लागते.