पिनकोडच्या रकान्यातला पहारा

जळगावचा पिनकोड ४२५००१, धुळ्याचा ४२४००१. ऑनलाइन अर्जात पाचच आकडे टाकून ‘सबमिट’ दाबलं की ब्राउझर जागच्या जागी अडवतो. हा पहारा बऱ्याचदा एचटीएमएलच्या टॅगमध्येच लिहिलेला असतो: ‘रिक्वायर्ड’ म्हणजे रकाना रिकामा चालणार नाही, ‘पॅटर्न’मध्ये आकड्यांचा साचा. अँग्युलरसारखं फ्रेमवर्कही हेच गुणधर्म वाचून रकान्याची तपासणी ठरवतं.

गंमत पुढेच आहे. साचा फक्त इंग्रजी आकड्यांचा असेल, तर मराठी कीबोर्डवरून टाकलेला अचूक पिनकोडही बाद! अक्षरांची कमाल मर्यादा घालणारा ‘मॅक्सलेंथ’ तर ‘धुळे’ची लांबी चार मोजतो; उकार आणि मात्रा तो सुटे धरतो. नावाला तोकडी मर्यादा घालणाऱ्याने एकदा देवनागरीत लिहून पाहावंच. आणि सर्व्हरवर वेगळी तपासणी हवी, कारण टॅगमधली अट ब्राउझरमध्ये कुणालाही खोडता येते.