शेपमधला ‘एस’
मन आणि काम : लेखांक ७

मागच्या आठवड्यात आपण पोलिसांची रात्रपाळी आणि त्यांची झोप यांबद्दल बोललो. आज फौजेकडे वळू.

फौजेत प्रत्येकाची प्रकृती ‘शेप’ या एका शब्दात मांडतात. त्यातला एच म्हणजे कान, ए म्हणजे हातपाय, पी म्हणजे शरीराची एकूण क्षमता, ई म्हणजे डोळे. सगळ्यांच्या आधी येणारा एस म्हणजे मन. पाचही अक्षरांपुढे एकचा आकडा असला की जवान ‘शेप वन’, कुठल्याही कामगिरीला मोकळा. आकडा वाढला की ‘कॅटेगरी डाऊन’. मग नेमणूक आणि बढती दोन्ही अडू शकतात.

डोळ्यांसाठी तक्ता असतो, कानांसाठी यंत्र असतं. मनाची तपासणी मात्र बरीचशी त्या माणसाच्या बोलण्यावरच चालते. कमांडिंग ऑफिसरचा अहवाल मागवतात, वॉर्डात ठेवून वागणं पाहतात, प्रश्नावलीही देतात. आघातानंतरच्या विकारासाठी वापरली जाणारी एक प्रश्नावली २० प्रश्नांची आहे. नकोशा आठवणी, दुःस्वप्नं, दचकणं यांचा गेल्या महिनाभरात किती त्रास झाला, यासाठी प्रत्येकी ० ते ४ गुण. बेरीज साधारण ३१ ते ३३ च्या पुढे गेली की सविस्तर तपासणी करायची. पण ‘अजिबात नाही’वर खूण करायला कितीसा वेळ लागतो? बढती तोंडावर आलेला सुभेदार तीच खूण करील, आणि त्याला दोष देण्याची माझी तयारी नाही. खरं सांगण्याची किंमत जोवर एवढी जड आहे, तोवर कितीही चांगली प्रश्नावली काढली तरी ती अर्धीच चालणार.

ही किंमत एके काळी याहून भयानक होती. पहिल्या महायुद्धात चार्ल्स मायर्स या डॉक्टरने १९१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये ‘शेल शॉक’वर लेख लिहिला. तोफगोळ्याच्या हादऱ्याने मेंदू दुखावतो, असा तेव्हाचा समज होता. पण गोळा जवळ फुटलेलाच नाही अशा माणसांचीही वाचा जाऊ लागली, पाय लुळे पडू लागले. याच युद्धात पळून जाणं, भित्रेपणा अशा आरोपांखाली ब्रिटिश साम्राज्याच्या ३०६ सैनिकांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यांतले काही आज आपण आजारी म्हणू असेच होते. त्यांना माफी मिळाली २००६ साली.

त्याच काळात एडिंबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हे डॉक्टर अधिकाऱ्यांवर उपचार करत होते. ‘ते सगळं विसरा, चांगल्या गोष्टींचा विचार करा,’ असा सल्ला या माणसांना सगळीकडे मिळायचा. दिवसभर आठवण दाबून ठेवली की रात्री ती दुप्पट जोराने वर येते, हे रिव्हर्सनी ओळखलं. त्यांनी नोंदवलेली एक हकिगत मला विसरता येत नाही. एक तरुण अधिकारी आपल्या मित्राला शोधायला गेला आणि त्याला सापडले ते मित्राच्या देहाचे तुकडे. रोज रात्री स्वप्नात तोच देह. रिव्हर्सनी त्याला आठवण टाळू दिली नाही. तिच्याकडे पुन्हा पाहायला लावलं आणि एवढंच दाखवून दिलं की देहाची अशी अवस्था झाली, याचा अर्थ मित्राला मरण क्षणात आलं. तळमळत पडावं लागलं नाही. त्यानंतर काही रात्री स्वप्न पडलं नाही. मग पडलं तेव्हा देह तोच होता, पण थरकाप नव्हता. स्वप्नात तो मित्राशेजारी गुडघे टेकून बसला आणि त्याच्या घरच्यांना देण्यासाठी त्याच्या वस्तू गोळा करू लागला.

आजच्या उपचाराचा गाभा याच्या फार जवळचा आहे. साधारण ८ ते १५ बैठकांत रुग्ण ती घटना आत्ता घडतेय अशी पुन्हा पुन्हा सांगतो, त्याचं ध्वनिमुद्रण घरी ऐकतो, टाळलेल्या जागी हळूहळू जाऊ लागतो. गरजेप्रमाणे गोळ्याही असतात. त्रास होतोच, सुरुवातीला तर वाढतोही. म्हणून समोर बसलेल्या डॉक्टरवर भरवसा लागतो. आणि इथेच फौजी डॉक्टरची कोंडी होते : बरं करायचं तेही त्याने, आणि कामाला लायक की नालायक हा शेरा मारायचा तोही त्याने. रिव्हर्स तर बरं करून माणसं पुन्हा खंदकात पाठवत होते. क्रेगलॉकहार्टलाच उपचार घेतलेला कवी विल्फ्रेड ओवेन आघाडीवर परतला आणि युद्ध थांबायला एक आठवडा उरला असताना, ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, मारला गेला.

माझ्या मते ऐकणारा आणि शेरा मारणारा हे दोघे वेगळे असायला हवेत, निदान पहिल्या काही भेटींपुरते तरी. त्या दिशेने एक पाऊल आपल्याकडे, पुण्यातच पडलं आहे. १ डिसेंबर २०२३ रोजी एएफएमसी या सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात फौजेतली माणसं आणि त्यांचे कुटुंबीय यांच्यासाठी टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा खास कक्ष सुरू झाला. टेलि-मानसचा क्रमांक आहे १४४१६.

घरच्यांना त्यात धरलं, हे मला फार मोलाचं वाटतं. सुट्टीवर आलेला मुलगा रात्री तीनला अंगणात येऊन बसतो, लग्नाच्या वरातीत फटाके वाजले की मागच्या खोलीत जातो, हे कुठल्याच अहवालात येत नाही. ते त्याच्या आईला आणि बायकोला ठाऊक असतं.