४४ अंशांतला जुना लॅपटॉप

"सकाळी बरा चालतो, दुपारी मात्र नुसता अडकतो. पंखा ओरडत राहतो." उन्हाळ्यात परभणीत जुना लॅपटॉप दुरुस्तीला आला की त्याच्यासोबत ही तक्रारही येते. मग कुणी फॉरमॅट मारून घेतं, कुणी विंडोज नव्याने टाकून घेतं, कुणी यंत्र म्हातारं झालं असं समजून थेट नव्याच्या किमती विचारतं. पण सकाळी बरा आणि दुपारी मंद, एवढ्यावरूनच निदान होतं. व्हायरस घड्याळ पाहून येत नाही. उष्णता मात्र दुपारीच वाढते.

परभणीत मे महिन्यात पारा ४२ ते ४४ अंशांपर्यंत चढतो, आणि वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडून रोज येणारा तो आकडा सावलीतल्या हवेचा असतो. पत्र्याच्या खोलीत त्याहूनही जास्त तापतं. लॅपटॉपच्या माहितीपुस्तिकेत मात्र बहुतेक कंपन्यांनी वापरासाठी ३५ अंशांपर्यंतचीच हवा गृहीत धरलेली असते.

हिशेब सोपा आहे. उष्णता वाहते ती तापमानातल्या फरकावर. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. खोली २५ अंशांवर असेल तर फरक ७५ अंशांचा मिळतो, खोली ४४ वर गेली की ५६ च उरतात. म्हणजे पंखा तोच, धातूच्या पट्ट्या त्याच, पण बाहेर टाकली जाणारी उष्णता पाव हिश्श्याने कमी. अशा वेळी प्रोसेसर जळू नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतो. याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. विमा किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना पान पुढे सरकत नाही, तेव्हा दर वेळी दोष नेटचा नसतो.

प्रोसेसरपासून हवेपर्यंतचा उष्णतेचा रस्ता पाहण्यासारखा आहे. चिपवर थर्मल पेस्टचा पातळ थर, त्यावर तांब्याचा तुकडा, त्याला जोडलेली चपटी नळी आणि नळीच्या टोकाला दाट पट्ट्यांची जाळी. ही नळी म्हणजे हीट पाइप. अमेरिकेतल्या लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये ती विकसित केली. तिच्यात अगदी थोडं पाणी असतं आणि हवा काढून टाकलेली असते, त्यामुळे ते कमी तापमानालाच उकळतं. वाफ थंड टोकाकडे धावते, तिथे पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून परत येते. ही नळी सहसा बिघडत नाही. बिघडतात तिच्या दोन्ही टोकांच्या गोष्टी: एकीकडे पेस्ट सुकते, दुसरीकडे जाळी तुंबते.

जाळीत काय तुंबतं, ते आपल्या जिल्ह्यात डोळ्यांनी दिसतं. मानवत, सेलू, पाथरी हा कापसाचा पट्टा. वेचणी झाली की भाव येईपर्यंत कापूस घरातच रचून ठेवलेला असतो, कधी त्याच खोलीत पोरांचा अभ्यासही चालतो. हवेतले बारीक तंतू पंखा आत ओढतो, ते पट्ट्यांच्या तोंडाशी अडकतात आणि त्यांच्यावर काळ्या मातीची धूळ बसते. असा लॅपटॉप उघडून पंखा बाजूला काढला की जाळीवर राखाडी नमदा थापल्यासारखा दिसतो. चिमट्याने एक कोपरा धरून ओढला तर अख्खा थर एका तुकड्यात निघून येतो. पंखा जोरात फिरत असतानाही बाहेर हवा का येत नव्हती, हे तेव्हा कळतं.

म्हणून माझं ठाम मत आहे: एसएसडी, रॅम, काहीही विकत घेण्याआधी ही आतली साफसफाई करून घ्या. लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, मागचं झाकण उघडायचं आणि बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा. नुसता बाहेरून ब्लोअर मारला तर तो थर अनेकदा आतच राहतो. मारायचाच तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवावं, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून त्याचं बेअरिंग खराब होऊ शकतं. हीटसिंक काढला की जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावावीच लागते, कारण धातू आणि चिप यांच्यामध्ये हवेची फट राहून चालत नाही. तांबं हवेच्या हजारो पट उष्णता वाहून नेतं. पेस्ट तांब्याची बरोबरी करत नाही, पण तिचं काम फक्त त्या फटी भरण्याचं असतं. थर जाड झाला की तोच अडथळा ठरतो.

रोजच्या वापरात गादीवर, रजईवर लॅपटॉप ठेवणं टाळा. बहुतेक लॅपटॉप खालूनच हवा घेतात. कूलर मात्र खरंच कामाचा आहे. मे महिन्यातली इथली कोरडी हवा ओल्या जाळीतून आली की चांगली थंड होते. वारा खोलीत खेळू द्या, पण लॅपटॉप कूलरच्या तोंडाशी नको, कारण बोअरच्या जड पाण्याचे तुषार आत गेले तर मदरबोर्डवर क्षार बसतात. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के केली तर अनेक लॅपटॉपमध्ये टर्बो बूस्ट, म्हणजे प्रोसेसरने तात्पुरता वाढवलेला वेग, बंद होतो. वेग वाढवण्यासाठी विजेचा दाबही वाढवावा लागतो आणि उष्णता त्या दाबाच्या वर्गाने वाढते. त्यामुळे थोडा वेग सोडला की तापमान बरंच उतरतं.

आता सुटे भाग. यंत्रात फिरती हार्ड डिस्क असेल तर पहिला पैसा एसएसडीवर घालावा. मिनिटाला ५४०० फेऱ्या घेणाऱ्या तबकडीवर हवी ती माहिती डोक्याखाली यायला सरासरी साडेपाच मिलिसेकंद लागतात, त्यात डोकं सरकण्याचा वेळ वेगळा. एसएसडीत फिरणारं काही नसतं, तिथे हे काम मिलिसेकंदाच्या छोट्या अंशात होतं. दुसरा पैसा रॅमवर: ४ जीबी असेल तर ८ करा. इथे घाई नको. डीडीआर३ आणि डीडीआर४ यांच्या खाचा वेगळ्या जागी असतात, त्यामुळे चुकीची रॅम बसतच नाही. पण डीडीआर३ आणि डीडीआर३एल सारख्याच दिसतात. एक १.५ व्होल्टची, दुसरी १.३५ व्होल्टची. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या बहुतेक लॅपटॉपना एल वालीच लागते. जुनी पट्टी काढून दुकानात सोबत न्या. प्रोसेसर बदलण्याचा विचार सोडून द्या, २०१५ नंतरच्या जवळपास सगळ्या लॅपटॉपमध्ये तो मदरबोर्डलाच डकवलेला असतो.

बॅटरीबद्दल मात्र काटकसर करू नका. लिथियम आयन बॅटरी साधारण ४५ अंशांच्या पुढे चार्ज करू नये, आणि परभणीच्या मे महिन्यात लॅपटॉपच्या पोटात ती मर्यादा सहज ओलांडली जाते. टचपॅड वर उचलल्यासारखा दिसला, झाकण नीट बसेना, तर बॅटरी फुगली आहे असं समजून चार्जिंग त्याच क्षणी थांबवा. तिला दाबणं, टोचणं म्हणजे आगीशी खेळ. नवी चांगली बॅटरी घ्या. बायोसमध्ये किंवा कंपनीच्या अ‍ॅपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असेल तर उन्हाळ्यात ती चालू ठेवा.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला साधारण इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. त्यामुळे अनेक धडधाकट यंत्रं आता भंगारात निघतील. मला हे पटत नाही. ज्या यंत्रात एसएसडी आणि ८ जीबी रॅम आहे, त्यावर लिनक्स छान चालतं, युनिकोड मराठीसह. सी-डॅकचं बॉस हे भारतीय लिनक्सही आहे. अभ्यास, पत्रं, हिशेब, ब्राउझर यांना तेवढं पुरतं. मात्र एखादं सरकारी पोर्टल, डिजिटल सहीचं टोकन किंवा अंगठ्याचं यंत्र लिनक्सवर चालतं का, हे आधी पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून तपासा. तसं केल्याने डिस्कवरच्या विंडोजला धक्का लागत नाही.