चाकाचा घेर आणि काट्याचा हिशेब

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत ताडोबाच्या मोहर्ली-कोलारा प्रवेशद्वारांतून आत जाणाऱ्या जिप्सी असोत की आलापल्लीहून भामरागडकडे निघालेल्या बोलेरो, पावसाळ्यातला चिखल, नाले आणि उघडे पडलेले दगड पाहता गाडीला मूळच्यापेक्षा उंच टायर बसवावा असे मालकाला वाटणे स्वाभाविक आहे. त्याने गाडीचे पोट जमिनीपासून वर उचलले जाते हे खरे. मात्र त्याच बदलाने समोरचा वेगाचा काटाही चुकू लागतो, कारण स्पीडोमीटर वेग मोजतच नाही, तो फेरे मोजतो आणि एका फेऱ्यात गाडी किती पुढे जाते हे कारखान्याने ठरवून दिलेले असते.

जुन्या जिप्सीत ट्रान्सफर केसमधल्या छोट्या दंतचक्रावरून निघालेली केबल डॅशबोर्डमागचे चुंबक फिरवते, त्या चुंबकामुळे ॲल्युमिनियमच्या वाटीत भोवरी विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि वाटी बारीक स्प्रिंगच्या विरोधात काट्यासह वळते. ओटो शुल्झे या जर्मन संशोधकाने 1902 मध्ये पेटंट घेतलेली ही रचना शतकभर टिकली. नव्या गाड्यांत केबलची जागा संवेदकाने घेतली असली तरी मोजले जातात ते फेरेच.

टायरच्या बाजूवर छापलेले आकडे हा या हिशेबाचा दुसरा भाग होय. जिप्सीच्या काही प्रकारांना येणाऱ्या 205/70 आर 15 या टायरची रुंदी 205 मिमी असते, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या 70 टक्के म्हणजे 143.5 मिमी असते, ‘आर’ रेडियल बांधणी दाखवतो आणि 15 हा डिस्कचा इंचांतला व्यास असतो. डिस्कचे 381 मिमी आणि वर-खाली दोन भिंती मिळून व्यास 668 मिमी होतो. त्याच डिस्कवर बोलेरोचा 215/75 आर 15 चढवला तर व्यास 703.5 मिमी, म्हणजे सुमारे 5.3 टक्के जास्त. वजनाखाली टायर दबतो म्हणून रेडियल टायरचा प्रत्यक्ष घेर काढताना अभियंते व्यासाला 3.14 ऐवजी 3.05 ने गुणतात. पण दोन्ही टायर रेडियल असल्याने फरकाचे प्रमाण तेच राहते.

जंगलाच्या आत 20 किमीच्या संथ चालीत हा फरक जेमतेम एका किलोमीटरचा, म्हणजे दुर्लक्ष करण्याजोगा. चंद्रपूर-मूल रस्त्यावर मात्र, जिथे झाडीतून जनावरे अचानक डांबरावर येतात, काटा 60 वर असताना गाडी 63 ने धावत असते आणि थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ब्रेक लागल्यानंतरची घसट सुमारे 11 टक्क्यांनी लांबते. स्पीडोमीटरविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा 39 क्रमांकाचा नियम काट्याला खऱ्या वेगापेक्षा थोडे जास्त दाखवण्याची मुभा देतो, कमी दाखवण्याची अजिबात नाही. कारखाने ठेवतात ती ही राखीव जागा उंच टायर खाऊन टाकतो. वेग-नियंत्रक त्याच फेऱ्यांवर चालत असेल तर 80 ची मर्यादाही 84 वर जाते. झिजलेल्या टायरची चूक उलट दिशेची: 8 मिमीची नक्षी 1.6 वर आली की व्यास 13 मिमीच्या आसपास घटतो आणि काटा जवळपास दोन टक्के पुढे पळतो.

‘मोठे टायर टाकले आणि ॲव्हरेज पडला’ ही सर्रास ऐकू येणारी तक्रारही तपासून घ्यावी लागते. टायर जड झाल्याने डिझेल-पेट्रोल थोडे जास्त लागते हे खरे, पण 40 लिटरमध्ये गाडी प्रत्यक्षात 420 किमी गेली असता मीटर 399 च दाखवतो आणि साडेदहाचा ॲव्हरेज कागदावर दहाच्या खाली उतरतो. किलोमीटरच्या दराने भाड्याने लावलेल्या गाडीच्या लॉगबुकात तर हा तोटा थेट रुपयांत दिसतो: गडचिरोलीहून सिरोंचा सुमारे 200 किमी, तेव्हा जाऊन-येऊन 20 किमीचे भाडे मालकाला मिळतच नाही.

पडताळणीसाठी यंत्राची गरज नाही. सरळ रस्त्यावर किलोमीटरच्या दगडांपासून दहा किलोमीटर मोजून मीटर साडेनऊ दाखवत असेल तर दोष मीटरचा नसून टायरचा आहे, आणि मग केबलच्या गाडीत योग्य दात्यांचे दंतचक्र बदलावे लागते, नव्या गाडीत कंपनीच्या संगणकावरून टायरचा आकार दुरुस्त करता येतो का हे विचारावे लागते, नाहीतर सरळ मूळ साईजकडे परतावे लागते.